लिंबू चाकाखाली ठेवा, बाकी शोरूमवर सोडा

परवा मानपाड्याच्या सिग्नलला ब्रेक दाबला आणि आतल्या लाइटच्या कडेने तांब्याभर पाणी माझ्या मांडीवर सांडलं. गाडी पाडव्याला घेतलेली. साडेबारा लाखांची, सनरूफवाली. तशीच तिसऱ्यांदा सर्व्हिस सेंटरला नेली, तेव्हा तिथल्या ॲडव्हायझरने टॅबवरून मान वर न करता विचारलं, "सर, गाडी पावसात चालवली होती का?"

ठाण्यात. जुलै महिन्यात.

घरी आलो, पँट बदलली आणि नवी गाडी घेऊ पाहणाऱ्या तुम्हा सुज्ञ मंडळींसाठी काही सूचना लिहायला बसलो. माझ्यासारखं व्हायचं असेल तर तंतोतंत पाळा.

सगळ्यात आधी, मुहूर्त बघा, गाडी बघू नका. पाडवा नाहीतर दसराच गाठा. त्या दिवशी शोरूममध्ये सत्यनारायणाच्या प्रसादाला लागावी तशी रांग असते आणि तुमच्या वाट्याला वीस मिनिटं येतात. पाच मिनिटं लाल कापड ओढण्यात जातात, पाच पुठ्ठ्याची भलीमोठी किल्ली धरून फोटो काढण्यात, पाच केकमध्ये. उरलेल्या पाचांत तुमचा फोन ब्लूटूथला जोडून देतात. माझ्या आईने चारी चाकांखाली लिंबं ठेवली, मी गाडी पुढे घेतली, चारही फुटली. "झालं, आता काही होत नाही," आई म्हणाली. अमेरिकेत खोड असलेल्या नव्या गाडीलाच 'लेमन' म्हणतात, हे मला फार नंतर कळलं. कनेक्टिकट राज्याने १९८२ साली त्यावर कायदा केला आणि मग बाकीच्या राज्यांनीही केले. ठरावीक वेळा दुरुस्त करूनही खोड जात नसेल तर कंपनीने गाडी बदलून द्यायची, नाहीतर पैसे परत करायचे. तिकडे लिंबू कायद्यात आहे, आपल्याकडे ते अजून चाकाखाली आहे.

नोंदणी होऊन नंबर पडण्याआधी डीलरच्या यार्डात जाऊन गाडी बघण्याचा आगाऊपणा तर मुळीच करू नका. हल्लीची पोरं त्याला पीडीआय म्हणतात, म्हणजे गाडी ताब्यात घेण्याआधीची तपासणी. चासी नंबर आधी मागतात, भर दुपारच्या उन्हात पत्र्यावरून हात फिरवतात, मॅट उचलून खाली बघतात. टायरच्या बाजूला चार आकडे असतात तेही वाचतात. ३८२४ म्हणजे २०२४ सालच्या ३८व्या आठवड्यात बनलेला टायर. विक्री प्रमाणपत्रावर, म्हणजे फॉर्म २१ वर, गाडी कुठल्या महिन्यात बनली ते छापलेलं असतं, तेही ताडून बघतात. इतका संशय बरा नाही. गोव्यातल्या एका गृहस्थांनी २०११ मध्ये नव्या गाडीचे पैसे भरले आणि त्यांच्या गळ्यात २००९ची, ६२२ किलोमीटर पळालेली गाडी मारली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, निकाल २०२१ मध्ये लागला. जबाबदार ठरला डीलर. त्याने काय विकलं हे कंपनीला ठाऊक होतं असं सिद्ध न झाल्यामुळे कंपनी सुटली. दहा वर्षं. मॅट उचलून बघायला दहा मिनिटं लागतात, पण आपण मोठ्या मनाची माणसं.

विमा शोरूमकडूनच घ्या, बाहेर स्वस्त मिळतो म्हणजे नक्कीच काहीतरी गडबड असणार.

शोरूमच्या बिलातला हँडलिंग चार्ज कशाचा, हे विचारू नका.

आता जॉबकार्ड, म्हणजे सर्व्हिस सेंटर तुमची तक्रार ज्यावर नोंदवतं तो कागद. ही सूचना नीट ऐका. सर्व्हिस सेंटरमध्ये तक्रार तोंडाने सांगायची, तो टॅबवर काहीतरी बडवतो, आपण काचेवर बोटाने सही करायची आणि एसीत बसून फुकटची कॉफी प्यायची. काय लिहिलंय ते वाचायचं नाही. मी वाचलं नाही. जूनमध्ये पहिल्यांदा गेलो तेव्हा स्पष्ट सांगितलं होतं की छतातून पाणी येतंय, डावीकडचं कार्पेट भिजून सडका वास मारतोय. कार्डावर उमटलं 'जनरल चेकअप, वॉशिंग'. म्हणजे पाणी काढायला नेलेली गाडी त्यांनी धुऊन दिली! दुसऱ्या वेळी 'कारमध्ये वास', उपाय म्हणून डॅशबोर्डवर मोगऱ्याची बाटली, तिचे बिलात दोनशे चाळीस रुपये वेगळे. तिसऱ्या वेळी मी टॅब हातात घेऊन वाचला. 'कस्टमर फील्स वॉटर लीकेज.' फील्स! मला भास होतोय. मांडीवर पडलं ते पाणी नव्हतं, माझी भावना होती. आणि आधीच्या दोन्ही वेळा खाली शेरा, 'प्रॉब्लेम आढळला नाही'. कसा आढळेल? तुम्ही गाडी पत्र्याच्या शेडखाली उभी करून तपासता!

वागळे इस्टेटमधल्या एका गॅरेजवाल्याने दोन मिनिटांत सांगितलं होतं. "साहेब, सनरूफच्या कोपऱ्यांत पाणी जायला बारीक नळ्या असतात. तुमची डावीकडची निसटलीय. पण मी हात लावत नाही, उद्या ते सगळं तुमच्यावर ढकलतील आणि वॉरंटी नाकारतील." त्याने एक पैसा घेतला नाही. वर चहा पाजला.

आणि आपण काय करतो? सर्व्हिस कशी वाटली ते विचारायला कंपनीतून फोन येतो. त्याआधी ॲडव्हायझर अजिजीने सांगतो, "सर, दहापैकी दहा द्या हं, नाहीतर माझा इन्सेन्टिव्ह जातो." आपण देतो. मी दिले. दोन्ही वेळा दहा. कार्पेट ओलं, मार्क दहा.

आता चेष्टा पुरे. जांभळी नाक्यावर पाव किलो भेंडी घेताना दहा भेंड्यांचे शेंडे मोडून बघता ना? मग साडेबारा लाखांच्या वस्तूचा कागद वाचायला काय होतं? ते जॉबकार्ड हाच तुमचा पुरावा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्येच एका क्लचच्या प्रकरणात सांगून ठेवलंय की वॉरंटीत भाग बदलून देण्याची अट असेल तर तो भाग बदलून मिळेल, अख्खी गाडी नाही. त्याहून जास्त हवं तर खोड मुळातली आहे आणि दुरुस्तीने जात नाही, हे तुम्हाला दाखवावं लागणार. ते काय 'जनरल चेकअप, वॉशिंग' या कार्डावर दाखवणार? तुमचे शब्द तुमच्यासमोर लिहून घ्या. गळतानाचा व्हिडिओ काढा. त्याच रात्री डीलर आणि कंपनी दोघांना ईमेल टाका. फोनवर बोललेलं वाऱ्यावर जातं.

आणि कोर्टाचं कोण बघणार म्हणून हात झटकू नका. ग्राहक संरक्षण कायदा २०१९चा आहे. पन्नास लाखांपर्यंतच्या खरेदीची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात होते, तीही तुम्ही राहता तिथल्या. डीलर कुठलाही असो. वकील सक्तीचा नाही. घरबसल्या ऑनलाइन दाखल करता येते. दहा ते वीस लाखांच्या गाडीला फी चारशे रुपये, आमचे डिलिव्हरीचे पेढे त्याहून महाग होते. मुदत दोन वर्षं. ती 'बघू, पुढच्या सर्व्हिसिंगला सांगू' करत तुम्ही घालवता. त्याआधी १९१५ला फोन करून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार तरी नोंदवा. हो, कायद्यात तीन महिन्यांत निकाल द्यावा असं लिहिलंय आणि तारखा वर्षानुवर्षं पडतात, ठाऊक आहे मला. तरीही करा. सोसायटीत शेजाऱ्याचं चाक पार्किंगच्या रेषेवर सहा इंच आलं तर वकिलाची नोटीस पाठवता, तेव्हा कुठून येतो उत्साह?

मघाशी त्या ॲडव्हायझरचा फोन आला होता. गाडी रेडी आहे, काही आढळलं नाही, उद्या न्यायला या. "आणि सर, कंपनीतून फोन आला तर..."

म्हटलं, उद्या नको, आत्ताच घेऊन ये. तू स्वतः चालव. घोडबंदर रोडनेच ये, पाऊस जोरात आहे तोवर.