फोरकास्ट सुधारायचाय? आधी हॉटेल बुक करा

तुमच्या कंपनीचा सेल्स फोरकास्ट, म्हणजे किती माल खपेल त्याचा अंदाज, दर महिन्याला आपटतोय ना, मग एक्सेल उघडून डोकं खपवत बसू नका, सरळ एखादी कॉन्फरन्स गाठा. दोन दिवस एसी हॉल, गळ्यात पट्टा, आणि दर तीन मिनिटांनी कोलॅबोरेशन कोलॅबोरेशन. तिथे जो तो स्लाईडवर 95 टक्के ॲक्युरसी दाखवतो, तुम्हीही दाखवा, त्यात काय अवघड. आमचा फराळाचा धंदा, एका दिवाळीत चिवड्याचे 400 खोके उरले आणि शंकरपाळ्याचे बरोब्बर 400 कमी पडले, डिलरने फोनवर नाही नाही ते ऐकवलं, पण टोटल मारली तर चूक शून्य! तीच टोटल स्लाईडवर गेली, टाळ्यापण पडल्या. कुठला माल, कुठल्या डेपोत, असलं काही चहाच्या वेळीसुद्धा विचारायचं नाही, वातावरण बिघडतं.

आणि हो, मॅक्रिडाकिस हे नाव तिथे काढू नका. फोरकास्टिंगवर संशोधन करणाऱ्या ह्या गृहस्थांनी 1982 साली 1001 आकडेमालिकांवर अंदाज काढायच्या वेगवेगळ्या पद्धतींची शर्यत लावली आणि निघालं काय, तर किचकट पद्धती साध्यासुध्यांपेक्षा सरस ठरतातच असं नाही, उलट चार पद्धतींच्या अंदाजांची सरासरी काढली तर बरं जमतं. आता हे तुम्ही बोलणार आणि समोर सॉफ्टवेअरवाला स्पॉन्सर बसलेला, ज्याच्या पैशाने तुम्ही पनीर टिक्का हाणताय. खाल्ल्या मिठाला तरी जागा.

परत आलात की ऑफिसात कन्सेन्सस मीटिंग, म्हणजे सगळ्यांनी बसून एकमताने आकडा ठरवायची मीटिंग, चालू करा. नियम एकच, साहेब बोलेपर्यंत कोणी आकडा फोडायचा नाही. सरासरी जमते ती प्रत्येकाने आपापला आकडा वेगळा काढला तर, पण चिठ्ठीवर लिहून आणा म्हटलं की उद्या कोण किती चुकलं तेही निघणार, कशाला ती भानगड. सेल्सवाला इन्सेंटिव्हसाठी कमी सांगतो, फायनान्सवाला बजेट जुळवायला जास्त, साहेब छताकडे बघून म्हणतात गेल्या वर्षीपेक्षा दहा टक्के वर, झालं एकमत. आकडा नाहीच गाठला तर 30 तारखेला डिलरच्या गळ्यात माल मारायचा, पुढच्या महिन्यात तोच परत घ्यायचा. ह्याला विक्री नाही, गोडाऊन बदलणं म्हणतात असं कोणी बोललंच तर त्याचं नाव पुढच्या कॉन्फरन्सच्या लिस्टमधून काढा.

कालनिर्णय मात्र मीटिंगमध्ये अजिबात आणू नका. लक्ष्मीपूजन 2023 ला 12 नोव्हेंबर, 2024 ला 1 नोव्हेंबर, 2025 ला 21 ऑक्टोबर, आणि 2026 ला अधिक ज्येष्ठ असल्यामुळे थेट 8 नोव्हेंबर. आमच्या शीटला हे काही माहीत नाही, त्यामुळे 2025 च्या सप्टेंबरात जेवढा चिवडा काढला त्यावर दहा टक्के चढवून तो 2026 च्या सप्टेंबरातच काढायचं ठरलंय. भट्टीवरच्या मावशी म्हणाल्या, अहो दिवाळीपर्यंत खवट होईल की हो. त्यांना सांगितलंय, विषय पुढच्या कॉन्फरन्सच्या अजेंड्यावर घेतलाय.