हँडब्रेकच्या ‘दहा मिनिटांच्या’ इलाजाला उत्तर

गेल्या आठवड्यापासून एक फॉरवर्ड फिरतोय: ‘हँडब्रेक सैल झालाय? आतला ॲडजस्टर जाम झालाय? गॅरेजवाल्याला पैसे कशाला देता, दहा मिनिटांत घरीच करा!’ खाली सहा उपाय आणि शेवटी ‘सर्व गाड्यांना लागू’. नेहमीप्रमाणे हात जोडल्याची चित्रं लावून आमच्या घरच्या ग्रुपवरही आला, आणि मामेभावाने लगेच स्प्रेचा डबा आणूनही ठेवला. त्याने तो ड्रममध्ये रिकामा करण्याआधी हे लिहितोय.

मूळ काम घरी होण्यासारखं आहे, हे आधीच मान्य. मागच्या चाकांना ड्रम ब्रेक (चाकाबरोबर फिरणारं भांडं, त्याला आतून शू दाबले की ब्रेक लागतो) असलेल्या छोट्या गाडीत जाम ॲडजस्टर, म्हणजे शू झिजले तरी त्यांना ड्रमजवळ ठेवणारा भाग, सोडवायला मोठं वर्कशॉप लागत नाही. पण ते दहा मिनिटांचं काम नाही, आणि फॉरवर्डमधल्या वाटेने तर होतच नाही.

सगळ्यात भयंकर उपाय दुसऱ्या क्रमांकाचा, म्हणून सुरुवात तिथून.

‘ड्रमवरच्या भोकातून डब्ल्यूडी-४० किंवा इंजिन ऑइल मारा, ॲडजस्टर सुटेल’

ड्रमच्या आत काय काय असतं ते डोळ्यासमोर आणा. दोन अर्धगोल शू, त्यांच्यावर चिकटवलेले लायनर, म्हणजे ड्रमला घासून ब्रेक लावणारा थर. वरच्या बाजूला शूंना बाहेर ढकलणारा व्हील सिलिंडर, त्याच्या दोन्ही टोकांना रबरी टोप्या. त्याच्या लगेच खाली, दोन्ही शूंच्या मध्ये आडवा बसलेला ॲडजस्टर. समोरच्या भोकातून नळी घालून आंधळेपणाने फवारलं तर तेल आधी कुठे जाईल? लायनरवर, ड्रमच्या घासणाऱ्या पृष्ठभागावर आणि त्या रबरांवर. ॲडजस्टरच्या आट्यांत गंजून बसलेल्या नटापर्यंत पोचलं तर चार थेंब. तेवढ्याने तो सुटत नाही.

लायनर सच्छिद्र असतो, तेल पिऊन घेतो. वरून ब्रेक क्लीनर मारून पुसलं तर कोरडा दिसतो, पण दोन-चार वेळा जोरात ब्रेक मारून ड्रम तापला की आतलं तेल पुन्हा वर येतं. असा शू कधी पकडतच नाही, कधी अचानक चावतो. एकाच बाजूला तेल गेलं असेल तर ओल्या रस्त्यावर मागचं एक चाक धरतं, दुसरं सुटं फिरतं. तेल प्यायलेल्या लायनरवर इलाज नाही. दोन्ही बाजूंचे शू बदलायचे, एका बाजूचे कधीच नाही.

रबराचं नुकसान याहून वाईट, कारण ते लगेच दिसत नाही. आपल्या गाड्यांतलं ब्रेक ऑइल ग्लायकॉलचं असतं आणि सिलिंडरची रबरं त्याला साजेशी बनवलेली असतात. खनिज तेल लागलं की ती फुगतात, मऊ पडतात, मग सिलिंडर अडकतो किंवा गळू लागतो. म्हणजे हँडब्रेक दुरुस्त करायला निघालात आणि पायाचा ब्रेक घालवून बसलात. स्प्रे बनवणाऱ्या कंपन्याच ब्रेक क्लीनर वेगळ्या डब्यात विकतात, यावरून तरी काही कळायला हवं होतं.

स्प्रे वापरायचाच आहे, पण ॲडजस्टर गाडीतून काढून, टेबलावर. त्याची रीत पुढे.

‘हँडब्रेकच्या दांडीखालचा नट आवळा, दोन टिकटिकीत गाडी थांबेल’

यात अर्धं सत्य आहे, नाइलाजाने मान्य करतो. तो नट खरंच असतो, आणि केबल थोडी ताणली गेली की तो आवळायचाच असतो. पण सगळ्यात शेवटी.

सुझुकीच्या वर्कशॉप मॅन्युअलमधला क्रम बघा. ड्रम बसवल्यावर पायाचा ब्रेक साधारण ३० किलो जोराने काही वेळा दाबायचा, म्हणजे शू आणि ड्रममधलं अंतर जुळतं. त्यानंतर हँडब्रेकची केबल. दांडी किती वर येते हेही सुमारे २० किलो जोराने ओढून मोजायचं. दांडी ओढताना किती टिकटिक हव्यात तो आकडा प्रत्येक मॉडेलचा वेगळा आणि पुस्तिकेत दिलेला. ‘दोन’ हा आकडा फॉरवर्डवाल्याने कुठून आणला ते तोच जाणे.

क्रम उलटा केला की काय होतं? शूच्या मागे केबलला जोडलेली छोटी पट्टी असते. हँडब्रेक सोडल्यावर ती पूर्ण मागे जाऊन आपल्या आधाराला टेकली पाहिजे. नट आवळून केबल कायम ताणून ठेवली तर पट्टी अर्ध्यावरच लटकते आणि स्वयंचलित ॲडजस्टरला पुढचा दात पकडायला वाव उरत नाही. जाम नसलेला ॲडजस्टरही मग काम थांबवतो. बहुतेक वेळा एकाच बाजूचा ॲडजस्टर जाम असतो. दांडीचा अर्धा प्रवास त्या बाजूचं मोकळं अंतर भरण्यात जातो म्हणून हँडब्रेक सैल वाटतो. नट आवळलात की धडधाकट बाजूचा शू चालत्या गाडीत ड्रमला घासायला लागतो. ड्रम तापतो, जळका वास येतो, ॲव्हरेज पडतो, आणि जाम बाजू होती तशीच.

खरा दोष कुठे आहे ते आधी ओळखा. दांडी खूप वर येते आणि ब्रेकचं पेडलही खोल जातं, तर ॲडजस्टरवर संशय. दांडी खाली केली तरी चाक धरूनच राहतं, तर केबल आवरणात गंजली आहे किंवा ती पट्टी खिळ्यावर अडकली आहे. तिथे ॲडजस्टरला हात लावून उपयोग नाही. आणि गाडी धुऊन किंवा पावसात रात्रभर हँडब्रेक ओढून ठेवली, सकाळी चाक हलेना, पण एकदा ‘टक्’ आवाज होऊन सुटलं, तर शू ड्रमला गंजाने चिकटला होता इतकंच. कोकण, गोवा, मुंबईत पावसाळ्यात हे सर्रास होतं.

‘ड्रम निघत नसेल तर हातोड्याने ठोका’

ड्रम बिडाचा असतो. कडेवर घण घातला तर तडा जातो, नाहीतर मागची प्लेट वाकते. बऱ्याच ड्रमच्या तोंडावर दोन आट्यांची भोकं असतात, साधारण ८ मिमीच्या बोल्टची. दोन्ही बोल्ट आळीपाळीने अर्धा-अर्धा फेरा आवळत जा, ड्रम आपोआप बाहेर सरकतो. हबभोवती (चाक ज्यावर बसतं तो मधला भाग) गंज असेल तर तिथे बाहेरून तेलाचा एक थेंब चालतो, लगेच पुसून टाका. तरीही अडला तर झिजलेल्या ड्रमच्या आतल्या काठावर शू अडकतोय. मागच्या प्लेटवरचा रबरी बूच काढा, एका बारीक स्क्रूड्रायव्हरने ॲडजस्टरची चाकी अडवून धरणारी खिटी बाजूला धरा, दुसऱ्याने त्याची दातेरी चाकी उलटी फिरवून शू आत घ्या. काही गाड्यांत ड्रम आणि हब एकच असतो, मधला मोठा नट काढावा लागतो आणि परत बसवताना नवा नट ठरलेल्या टॉर्कने, म्हणजे पुस्तिकेतल्या जोराने, आवळावा लागतो. तुमची गाडी तशी असेल आणि तो जोर मोजणारा टॉर्क पाना नसेल तर हे काम गॅरेजला द्या.

आता फॉरवर्डने गाळलेलं खरं काम. जमीन सपाट हवी. पुढच्या दोन्ही चाकांना दोन्हीकडून दगड किंवा लाकडी ठोकळे लावा, गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा, हँडब्रेक पूर्ण सोडा आणि केबलचा नट सैल करा. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच ढिले करा. जॅकवर उचलल्यावर खाली स्टँड लावा. नुसत्या जॅकच्या भरवशावर काम करू नका. एका वेळी एकच बाजू उघडा म्हणजे स्प्रिंगा कशा होत्या ते दुसरीकडे बघता येतं. डोळ्यांवर चष्मा हवा, स्प्रिंग सुटली की थेट तोंडावर येते. आणि ड्रम बाहेर असताना कुणालाही पेडल दाबू देऊ नका, सिलिंडरचे पिस्टन बाहेर उडतात.

स्प्रिंगा काढून ॲडजस्टर बाहेर घ्या. तो दोन जातींचा: आट्यांवर दातेरी चाकी असलेला किंवा दातेरी पट्ट्यांचा. चाकीवाला जाम असेल तर गंज सोडवणाऱ्या तेलात रात्रभर बुडवा, सकाळी व्हाइसमध्ये धरून थोडा पुढे, थोडा मागे असा फिरवा. एकाच दिशेने जोर लावला तर आटे तुटतात. सुटला की तारेच्या ब्रशने आटे घासा, ब्रेक क्लीनरने धुऊन वाळवा, उष्णता सहन करणाऱ्या ब्रेक ग्रीसचा पातळ हात द्या. क्लीनरने भिजलेला भाग बर्नरवर तापवायच्या भानगडीत पडू नका. क्लोरीनवाला क्लीनर तापला की फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो. दात गोल झाले असतील किंवा पट्टीची स्प्रिंग मेली असेल तर घासत बसू नका, नवा आणा.

डावा-उजवा गोंधळ इथे सगळ्यात जास्त होतो. चाकीवाल्या ॲडजस्टरचे आटे दोन्ही बाजूंना उलट दिशेचे असतात. अदलाबदल झाली की प्रत्येक ब्रेकला शू जवळ यायच्या ऐवजी दूर जातात.

तेच ग्रीस मागच्या प्लेटवर शू टेकतात त्या उंचवट्यांना, बहुधा सहा असतात, अगदी थोडं लावा. लायनरला बोटही लागू देऊ नका. सिलिंडरच्या रबरी टोपीची कड उचलून बघा. आत ओल असेल तर सिलिंडर बदलणं आणि हवा काढणं आलं, तिथे थांबा. ड्रमवर कमाल व्यास कोरलेला असतो, झीज त्यापुढे गेली असेल तर ड्रम नवा. ॲडजस्टर इतपत फिरवा की ड्रम किंचित घासत बसेल. दोन्ही बाजू झाल्या की पेडल, मग केबल, मग दोन्ही मागची चाकं हवेत ठेवून हाताने फिरवा. बारीक खसखस चालते. सोडताक्षणी चाक थांबलं तर केबल जास्त आवळली आहे.

‘रिव्हर्समध्ये दहा वेळा जोरात ब्रेक मारा, आपोआप ॲडजस्ट होईल’

हे अमेरिकेतल्या जुन्या मोठ्या गाड्यांबद्दल खरं आहे. त्यांच्या ड्रमची रचना वेगळी, तिथे ॲडजस्टर मागे जाताना ब्रेक मारल्यावरच फिरतो. आपल्या छोट्या गाड्यांत तो पेडलच्या किंवा हँडब्रेकच्या हालचालीवर चालतो. आणि गंजून बसलेला ॲडजस्टर कुठल्याच दिशेने ब्रेक मारून सुटत नाही. सोसायटीच्या पार्किंगमध्ये हे प्रयोग करू नका.

‘आतली धूळ फुंकून किंवा कॉम्प्रेसरने उडवा’

नको. जुन्या किंवा स्वस्तातल्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो. क्लीनरने ओलं करून फडक्याने पुसा, मास्क लावा, फडकं टाकून द्या.

‘तोपर्यंत गाडी गिअरमध्ये लावा, हँडब्रेकची गरजच नाही’

गिअरमध्ये लावणं चांगलंच, आणि पावसाळ्यात गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर सपाट जागी ठोकळे लावून हँडब्रेक न ओढणं हेही शहाणपणाचं. पण उतारावर एकट्या गिअरवर विसंबू नका. शिवाय ॲडजस्टर जाम म्हणजे त्याच शूंवर चालणारा पायाचा ब्रेकही कमजोर, ही गोष्ट फॉरवर्डने पूर्ण गिळली आहे.

राहिलं ‘सर्व गाड्यांना लागू’. मागे डिस्क असलेल्या गाड्यांत बऱ्याचदा हँडब्रेक कॅलिपरमध्येच, म्हणजे डिस्कला पकडणाऱ्या भागातच, असतो, आणि त्याचा पिस्टन दाबून नव्हे, फिरवून आत घ्यावा लागतो. पकडीने दाबलात तर आतली यंत्रणा मोडते. आणि दांडीऐवजी बटण असेल तर तिथे आवळायला नटच नाही. तिथे ब्रेक मोटर लावते, आणि ती मोटर सर्व्हिस मोडमध्ये (दुरुस्तीसाठी मागे घेतलेली स्थिती) घेतल्याशिवाय त्या कॅलिपरला हात लावायचा नाही.