परिशिष्ट म्हणजे घुसडलेला मजकूर नव्हे : एका आक्षेपाला उत्तर

सप्रेम नमस्कार.

नव्या विहिरीच्या धार्मिक विधीविषयीच्या ‘विहिरीची प्रतिष्ठा’ या माझ्या लेखावर आपण सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, त्याबद्दल मनापासून आभार. आपले आक्षेप तीन आहेत. परिशिष्टे, म्हणजे धर्मविधींच्या सूत्रग्रंथांच्या शेवटी जोडलेली प्रकरणे, ही मूळ सूत्रांत नसलेली, पुरोहितांनी दक्षिणेसाठी मागाहून घुसडलेली भर आहे, हा पहिला. मी त्यांना वेदाच्या बरोबरीला बसवले, हा दुसरा. आणि खिलसूक्ते व परिशिष्टे यांची मी गल्लत केली, हा तिसरा. तिसरा आक्षेप पूर्णपणे बरोबर आहे, म्हणून आधी तोच मान्य करतो. श्रीसूक्तासारखी खिले हे मंत्रच आहेत. शाकल संहितेच्या, म्हणजे ऋग्वेदाच्या आज प्रचलित असलेल्या संहितेच्या, मुख्य पाठाबाहेर राहिलेले, पण ऋग्वेदाच्या परंपरेने जपलेले. परिशिष्ट हा विधी सांगणारा ग्रंथ असतो आणि तो बहुधा सूत्राला जोडलेला असतो. दोन्हींना मी ‘पुरवणी’ हा एकच शब्द वापरला, ती माझी चूक होती.

पहिल्या आक्षेपाशी मात्र मी सहमत नाही. आपल्या खानदेशात शुक्ल यजुर्वेदाच्या माध्यंदिन शाखेची घरे पुष्कळ आहेत आणि त्यांचे गृह्यसूत्र, म्हणजे घरगुती संस्कारांचे नियम सांगणारे सूत्र, पारस्करांचे आहे, म्हणून त्याचेच उदाहरण घेऊ. या सूत्राची तीन कांडे, म्हणजे भाग, आहेत. तिसरे कांड संपल्यानंतर जी परिशिष्टे छापलेली असतात, त्यांत विहीर-तळ्यांच्या प्रतिष्ठेचा विधी येतो. त्याचा आरंभ असा आहे : ‘अथातो वापीकूपतडागारामदेवतायतनानां प्रतिष्ठापनं व्याख्यास्यामः’, म्हणजे आता बारव, विहीर, तळे, बाग आणि देऊळ यांची प्रतिष्ठापना सांगतो. पुढे लगेच काळ सांगितला आहे : ‘उदगयन आपूर्यमाणपक्षे पुण्याहे’, म्हणजे उत्तरायणात, शुक्ल पक्षात, शुभ दिवशी. हे तीन शब्द मूळ सूत्राच्या पहिल्या कांडात विवाहाचा काळ सांगताना जसेच्या तसे आलेले आहेत. परिशिष्टकाराने ते उचलले आणि त्यांना आपली जोड दिली : ‘तिथिवारनक्षत्रकरणे च गुणान्विते’, म्हणजे तिथी, वार, नक्षत्र आणि करण (अर्धी तिथी) चांगले असताना.

या जोडीतल्या ‘वार’ या शब्दापाशी थोडे थांबावे, अशी माझी विनंती आहे. विवाहाचा काळ सांगणाऱ्या मूळ सूत्राला वार ठाऊक नाही. भारतात वाराच्या उल्लेखासह कोरलेला पहिला निश्चित कालाचा लेख म्हणून मध्य प्रदेशातील एरण येथील, गुप्त सम्राट बुधगुप्ताच्या काळातला इ. स. ४८४ चा लेख दाखवला जातो आणि त्यातला वार गुरुवार आहे. म्हणजे परिशिष्ट उशिराचे आहे, हे आपले म्हणणे त्या एका शब्दानेच पक्के होते आणि मी ते आनंदाने स्वीकारतो. पण ज्याला मजकूर घुसडायचा असतो तो सांधा लपवतो; येथे तो उघड्यावर आहे. जुने वाक्य जुन्या शब्दांत ठेवले आहे, नवी भर तिच्या शेजारी आहे आणि सारा विधी मूळ कांडांच्या बाहेर, स्वतंत्र प्रकरण म्हणून ठेवला आहे. सामवेदाच्या गोभिल गृह्यसूत्राला जोडलेला कर्मप्रदीप तर पहिल्याच श्लोकात आपले काम सांगून मोकळा होतो : ‘अथातो गोभिलोक्तानामन्येषां चैव कर्मणाम् । अस्पष्टानां विधिं सम्यग् दर्शयिष्ये प्रदीपवत् ॥’ गोभिलांनी सांगितलेल्या आणि इतरही अस्पष्ट कर्मांचा विधी मी दिव्यासारखा दाखवीन, असे जो म्हणतो त्याला लबाड कसे म्हणायचे?

दक्षिणेविषयी. आपल्या आईच्या दिवसकार्यात एका गुरुजींनी विधी वाढवत नेऊन पैसे मागितले, असे आपण लिहिले आहे. शोकात असलेल्या घराला असे अडवणे निंद्य आहे, त्याचे समर्थन मी करणार नाही. परंतु दक्षिणा परिशिष्टांनी आणली, हे खरे नाही. विहिरीच्या विधीत ‘आचार्याय वरं दत्त्वा’, म्हणजे आचार्यांना ‘वर’ देऊन, असे शब्द आहेत आणि हा ‘वर’ म्हणजे काय, ते मूळ सूत्रातच विवाहप्रकरणी सांगितले आहे : ब्राह्मणाने गाय, राजन्याने गाव आणि वैश्याने घोडा द्यावा. श्रौत, म्हणजे वेदोक्त मोठ्या, यज्ञांतल्या दक्षिणा तर याहून कितीतरी मोठ्या आहेत. तेव्हा दक्षिणेवर आक्षेप घ्यायचा असेल तर तो मूळ सूत्रापासून घ्यावा लागेल. एकट्या परिशिष्टाला त्यासाठी वेगळे काढता येणार नाही.

परिशिष्टाची गरज कशी पडते, हे मी लहानपणी डोळ्यांनी पाहिले आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर भडगाव तालुक्यात, गिरणेकाठी, माझ्या मामांनी विहीर खोदायला घेतली. सात परस (पुरुषभर उंचीचे खोलीचे माप) खाली, काळ्या पाषाणात पाणी लागले, तेव्हा मामी काठावर उभी राहून रडली होती. गावातल्या वृद्ध गुरुजींनी परिशिष्टाप्रमाणे जलदेवता वरुणासाठी जवाचा चरू (होमात अर्पण करायचे शिजवलेले धान्य) शिजवला, आहुती दिल्या, ओंजळभर मासे पाण्यात सोडले. पुढचे शब्द होते ‘गां तारयित्वा’, म्हणजे गाईला पाण्यातून पार नेऊन. तळ्यात हे होते. सात परस विहिरीत गाय कशी उतरवणार? गुरुजी क्षणभर पोथीवर बोट ठेवून थांबले. मग त्यांनी मोटेने पहिले पाणी पाटात सोडायला सांगितले आणि मामांची तांबडी गाय त्या वाहत्या पाण्यातून पलीकडे नेली. नंतर पाटाकाठी बसून त्यांनी पुरुषसूक्त म्हटले. वारुण मंत्र संहितेत होते, होमाची रीत सूत्रात होती, पण विहिरीकाठी नेमके काय करायचे ते परिशिष्टात होते. आणि परिशिष्टातही जे नव्हते, ते गुरुजींनी परिशिष्टाच्याच वृत्तीने भरून काढले.

आपण पितृपक्षाचा उल्लेख केला आहे, म्हणून एवढेच जोडतो की आपल्या शाखेत पार्वण श्राद्ध (पर्वकाळी पितरांसाठी करायचे श्राद्ध) ज्या क्रमाने चालते तो कात्यायनांच्या नऊ कंडिकांच्या (छोट्या खंडांच्या) श्राद्धसूत्रातला आहे आणि तेही पारस्करांच्या परिशिष्टांतच छापले जाते. नित्यस्नानाच्या सूत्राचेही तसेच. ते ‘अथातो नित्यस्नानं नद्यादौ’ (आता नदी वगैरे ठिकाणचे नित्यस्नान) असे सुरू होते आणि काठावर माती, शेण, कुश, तीळ व फुले आणायला सांगते. परिशिष्टे बाजूला काढली तर आपल्या घरांत रोजचे आणि वर्षाचे धर्मकर्म फार थोडे उरेल.

राहिला दुसरा आक्षेप. परिशिष्ट वेदाच्या बरोबरीचे आहे, असे मी मानत नाही आणि परंपराही मानत नाही; श्रुतीशी, म्हणजे वेदाशी, विरोध आला तर श्रुतीच प्रमाण, हा वेदवाक्यांचा अर्थ ठरवणाऱ्या मीमांसकांचा नियम येथेही लागू आहे. परंतु माझ्या लेखात ‘वेदाने सांगितलेला विधी’ असे शब्द गेले होते आणि त्यांवरून आपला समज तसा होणे स्वाभाविक होते. ते वाक्य आज मी ‘पारस्कर गृह्यसूत्राच्या परिशिष्टात सांगितलेला आणि वेदमंत्रांनी करावयाचा विधी’ असे बदलले आहे, खिलसूक्तांचा परिच्छेद काढून टाकला आहे आणि दुरुस्ती आपल्या प्रतिक्रियेमुळे झाली, अशी नोंद लेखाखाली ठेवली आहे.