आपण म्हणजे तुम्ही

टीम लीड झाल्याची मेल आली की लोक भलत्याच तयारीला लागतात. कुणी नेतृत्वावरची जाडजूड पुस्तकं मागवतो, कुणी लिंक्डइनवर सूर्योदयाचा फोटो टाकून खाली 'प्रवास आता सुरू झालाय' असं लिहितो. ते सगळं नंतर करा. आधी मराठीचं व्याकरण पक्कं करा. त्यातही सर्वनामं. झोपेतून उठवून विचारलं तरी आली पाहिजेत.

इंग्रजीवाल्यांना सगळा संसार एका 'वुई'त उरकावा लागतो. शेजारच्या हिंदीचंही 'हम'वर भागतं. आपल्याकडे मात्र 'आम्ही' आहे, ज्यात समोरचा नसतो, आणि 'आपण' आहे, ज्यात तो असतो. नेत्याने या 'आपण'मध्ये फक्त एक बारीक दुरुस्ती करायची. समोरच्याला आत घ्यायचं आणि मागच्या दाराने स्वतः बाहेर पडायचं.

शुक्रवार, संध्याकाळचे सहा वाजून दहा मिनिटं. हिंजवडी, फेज टू. पोरं बॅगांच्या चेन लावतायत, एकाला वाकडचा पूल तुंबायच्या आत गाठायचाय, दुसऱ्याचं कोल्हापूरच्या बसचं तिकीट काढलेलं आहे. बरोबर या क्षणी खुर्चीतून उठायचं. मेसेज टाकायचा नाही, स्वतः चालत जायचं. नेता माणसांत मिसळणारा असावा. कोल्हापूरवाल्याच्या टेबलाच्या कोपऱ्यावर एक मांडी टेकायची, त्याचा स्टेपलर उचलून उगाच दोनदा दाबायचा आणि मऊ आवाजात म्हणायचं, "अरे, आपण हे आजच संपवून टाकूया का?" यातल्या 'का'ला फार महत्त्व आहे. त्याने हुकमाची चर्चा होते. पोराने मान हलवेपर्यंत गाडीची किल्ली तुमच्या हातात आलेली असावी. पावणेसातला 'आपण' ऑफिसात आणि तुम्ही भूमकर चौकात.

नऊ वाजता न चुकता पिझ्झा पाठवा. किती माणसं आहेत ते मोजून पाठवू नका, त्याने नात्यात हिशेबीपणा येतो. माझ्या एका जुन्या साहेबांनी सात जणांना दोन मीडियम पाठवले होते. ओरेगॅनोची पाकिटं मात्र अठरा आली होती. त्यातली चार अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहेत.

काम झालं, क्लायंटची शाबासकी आली की सर्वनाम बदलतं. पण म्हणून लगेच 'मी केलं' म्हणायचं नाही, ते उथळ दिसतं. 'माझ्या टीमने केलं' म्हणायचं, 'माझ्या'वर जरा वजन टाकून. बिघडलं की 'तुम्ही लोक'. पगारवाढ मिळाली नाही की 'ते'. "मी तुझ्यासाठी खूप भांडलो रे, पण वरून नाही म्हणाले." हे वरचे कोण, कुठे बसतात, हे मला चौदा वर्षांच्या नोकरीत कळलं नाही. एकदा लिफ्टने वर जाऊनही पाहिलं. कँटीन होतं.

राहता राहिल्या तुमच्या स्वतःच्या चुका. शाळेत बाई भावकर्तरी प्रयोग शिकवताना 'उजाडले', 'सांजावले' अशी उदाहरणं द्यायच्या. त्या क्रियापदांना करणारा कुणी नसतो, ती आपली आपण घडतात. तुमच्या चुकाही त्याच भावकीतल्या समजा. 'मी मेल पाठवायला विसरलो' असं म्हणू नये. 'ते जरा राहून गेलं' म्हणावं. उजाडलं, सांजावलं, राहून गेलं.

अप्रेझलसाठी मात्र कणव हा गुण वर्षभर जपून ठेवा आणि एकदम वापरा. छोटी मीटिंग रूम घ्या, दार लावा, लॅपटॉप अर्धा मिटवा, सुस्कारा सोडा आणि सांगा, "तुझं काम उत्तमच आहे, पण बेल कर्व्हमध्ये बसत नाहीये." समोरच्याने बेल कर्व्ह म्हणजे काय असं विचारलं नाही तर उत्तम. माणसांच्या प्रतवारीचा हा खाक्या रूढ केला तो जनरल इलेक्ट्रिकच्या जॅक वेल्च यांनी, १९८० च्या दशकात. वरचे २० टक्के, मधले ७०, तळाचे १०, आणि तळाच्यांना नारळ. अशी सक्तीची क्रमवारी मायक्रोसॉफ्टने २०१३ मध्ये बंदही करून टाकली, पण ही बातमी टीमपर्यंत पोचू देऊ नका. शिवाय घंटेसारखा तो वक्र शोभतो हजारो माणसांच्या मोजमापात. सहा जणांच्या टीमचे १० टक्के म्हणजे ०.६ माणूस. आमच्याकडे दर मार्चमध्ये हा ०.६ माणूस शोधायची मोहीम निघते, आणि दर मार्चमध्ये नुकतीच बाळंतपणाच्या रजेवरून परतलेली कुणीतरी त्यात बरोब्बर बसते.

वर्षातून एकदा नेतृत्वाचं प्रशिक्षण होतं. तिथे मुंबईच्या डबेवाल्यांची स्लाइड येतेच येते. तिच्याशिवाय दुपारचं जेवण मिळत नाही असा नियम असावा. १८९० पासूनची परंपरा, पांढरी टोपी, डब्यावरच्या रंगीत खुणा, प्रिन्स चार्ल्स यांची २००३ मधली भेट, टाळ्या. प्रशिक्षक एक गोष्ट मात्र चाणाक्षपणे गाळतात: डबेवाल्यांचा मुकादम देखरेख तर करतोच, शिवाय स्वतःही डबे वाहतो. हा मजकूर स्लाइडवर आला तर समोर बसलेल्या तीसेक व्यवस्थापकांना तिथल्या तिथे आम्लपित्त होईल. तुम्ही टोपीचा फोटो तेवढा लक्षात ठेवा.

मग लोणावळा. टीम भावना वाढवण्यासाठी रस्सीखेच असते. मॅक्स रिंगेलमान नावाच्या फ्रेंच कृषी अभियंत्याने माणसांना खरोखरच दोर ओढायला लावून त्यांचा जोर मोजला होता. १९१३ मध्ये छापलेले त्याचे आकडे सांगतात की आठ जण मिळून ओढू लागले की प्रत्येकाचा जोर एकट्याने ओढतानाच्या जेमतेम निम्मा भरतो. ओढणारे वाढले की जोर घटतो. म्हणजे दोराला हात न लावून तुम्ही टीमचं भलंच करत असता. तुम्ही शिट्टी घ्या. फोटोच्या वेळी मात्र सगळ्यात पुढे या, दोर दोन्ही हातांनी धरा, दात-ओठ खा. मागे सात जण खरंच ओढत असले तर तोल सांभाळा. आमचे साहेब चिखलात बसले होते, ती पँट नवीन होती, आणि पुढच्या वर्षी रस्सीखेचीऐवजी 'अंताक्षरी' आली.

ऐकून घेणं हाही मोठा गुण म्हणतात. सोपा आहे. मान हलवायची आणि वहीत काहीतरी लिहायचं. मी एकदा साहेबांच्या वहीत डोकावलो होतो. दूध, कोथिंबीर, गाडीचं पीयूसी.

हे सगळं इतक्या अधिकाराने सांगतोय, कारण मागच्या महिन्यात मलाही लीड केलंय. परवाच्या शुक्रवारी सहा वाजून दहा मिनिटांनी मी उठलो. नवीन मुलगी आहे एक, सहा महिने झालेत तिला लागून. सातारची बस होती तिची. टेबलाच्या कोपऱ्यावर टेकलो, स्टेपलर उचलला, 'का'सकट वाक्य नीट म्हटलं. तिने बॅगेवरचा हात काढला नाही. म्हणाली, "चालेल दादा. आपण म्हणजे कोणकोण?"

मी स्टेपलर दाबला. रिकामा होता.

"व्हेज खातेस की नॉनव्हेज?" मी विचारलं.