मागच्या गेटनं घ्या

रात्रीचे साडेअकरा वाजलेत. सकाळी शाळा आहे, डबे करायचेत. तरी लिहायला बसलेय, कारण हे आत ठेवून झोप लागणार नाही.

आज जळगावला भाऊबंदकीतलं लग्न होतं. चोपड्याहून आम्ही सहा जण निघालो. आई (माझ्या सासूबाई), मावशी, धाकटी जाऊ, तिची दोन पोरं आणि मी. गाडी, म्हणजे आमची मारुतीची इको व्हॅन, मीच चालवत होते, नेहमीसारखी. लॉन्सच्या गेटवर पोचलो तर शिट्टीवाला एक पोरगा धावत आला आणि गाडीवर थाप मारून म्हणाला, "ओ, मागच्या गेटनं घ्या. केटरिंगच्या गाड्या इकडून नाही."

मी काच खाली केली. मागं नऊवारी नेसून, नथ घालून आई बसलेल्या त्याला दिसल्या. पोरगा वरमला. पण म्हणाला, "मॅडम, पुढं फक्त कार लावायला सांगितलंय. व्हॅन-टेम्पो सगळं मागं."

गेलो मागं. तिथं गॅसच्या टाक्या, कांद्याची पोती आणि भांडी घासायची जागा. आईंचे गुडघे गेलेले. त्या खरकट्या पाण्यातून एका हातानं निऱ्या उचलून, दुसऱ्या हातानं माझा खांदा धरून त्या मांडवात आल्या. एक शब्द बोलल्या नाहीत. मला तेच जास्त लागलं.

त्या पोराचा मला राग नाही. त्याला जे सांगितलं ते तो करत होता. माझा राग सांगणाऱ्यांवर आहे. पाहुणा कोण आणि माल कोण हे गाडीवरून ठरवायला कधी शिकलो आपण?

एवढंच असतं तरी मी गिळलं असतं. पंगतीत आमचे एक चुलतदीर शेजारी येऊन बसले आणि चारचौघांत म्हणाले, "वहिनी, दोघं नोकरीला आहात, आता तरी चांगली गाडी घ्या. पोरगी लग्नाला आली. उद्या सोयरिकीचे पाहुणे दारात येतील, तर काय ही व्हॅन बघतील?"

हे कोणी परक्यानं म्हटलं असतं तर वेगळं. पण २०२२ च्या श्रावणात, त्या रात्री, हेच आमच्या दारात भर पावसात टॉर्च धरून उभे होते.

ती रात्र तुमच्यातल्या काहींना माहीत आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमचं गाव अडावदच्या बाजूला. कानबाईची, आपल्या खानदेशातल्या श्रावणातल्या सणाची, आदली रात्र होती. रोटांचं दळण घरात येऊन पडलेलं, सुरतहून, शिरपूरहून, धुळ्याहून सगळे भाऊबंद गोळा झालेले. आमचे हे ट्रेनिंगला पुण्यात. दहाच्या सुमारास नाना, म्हणजे माझे सासरे, मागच्या पायऱ्यांवर घसरले. उठताच येईना. पाय एका बाजूला वळलेला. खुबा मोडला हे कळायला डॉक्टर लागत नव्हता. रुग्णवाहिकेला फोन लावला तर ती दुसऱ्या पेशंटला घेऊन गेलेली, वेळ लागेल म्हणाले.

त्या रात्री आमच्या गल्लीच्या तोंडाशी चार गाड्या उभ्या होत्या. चारही चकचकीत. एक तर या दिरांचीच, नवी कोरी, अजून सीटवरचं प्लास्टिकही काढलेलं नव्हतं. आधी त्यांच्याच गाडीत बसवायला गेलो. दार उघडलं, चौघांनी नानांना उचललं. पण खुबा मोडलेला माणूस वाकणार कसा? बसवायचं म्हणजे त्यांना दुमडावं लागणार होतं. पाय जरा हलवला की नाना ओरडत. मी नानांना आयुष्यात ओरडताना ऐकलं नव्हतं.

मग कोणीतरी म्हणालं, "वहिनींची इको कुठंय?"

ती रात्र इथंच थांबवते, आधी दुसरं थोडं सांगायचंय.

व्हॅन म्हटलं की लोकांना दोनच गोष्टी आठवतात. एक, माल. दुसरी, सिनेमातलं अपहरण. कुठल्याही पिक्चरमध्ये पोर पळवायचं म्हणजे पांढरी ओमनी आणि सरकतं दार. पोरांनी त्याचे विनोद केले, आपण हसलो, आणि ती गाडी खरं काय करत होती हे विसरलो. मारुतीची ती व्हॅन १९८४ मध्ये आली, १९८८ मध्ये तिला ओमनी नाव मिळालं, २०१९ मध्ये बंद झाली. पस्तीस वर्षं. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इवलंसं इंजिन, तेही पुढच्या सीटखाली. तेवढ्यावर तिनं आपल्या गावांतली पोरं शाळेत पोचवली, दुधाचे कॅन पोचवले, बाळंतिणी पोचवल्या. तालुक्याच्या गावी छोट्या दवाखान्यांसमोर रुग्णवाहिका म्हणून काय उभं असायचं? ओमनी. आज काय असतं? बहुतेक ठिकाणी इको. म्हणजे ज्या गाडीतून मांडवात यायची लाज वाटते, जीव वाचवायला त्याच गाडीत आडवं व्हायचं.

आमची इको २०१८ ची. सात सीटची, साधी, पेट्रोलची. तेव्हाही घरात सगळे म्हणाले होते, हॅचबॅक घे, चालवायला सोपी, बाईमाणसाला बरी दिसते. बरी दिसते! मी घरातली माणसं मोजली. नाना, आई, आम्ही दोघं, दोन पोरं, आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, येणाऱ्या दोन नणंदा. खानदेशात कोणाचं घर चौकोनी आहे हो? आपल्याकडं माणूस एकटा येतच नाही. आखाजीला माहेरवाशीण आली की तिची पोरं येतात, परत जाताना बिबड्यांचे डबे, कळण्याचं पीठ, शेतातला केळीचा घड जातो. हे सगळं डिकीत बसवा म्हणावं.

आणि ती अवाढव्यही नाही. लांबी बारा फूट, रुंदी पाच फूटसुद्धा नाही, उंची सहा फूट. लोक तिला टेम्पो म्हणतात, पण त्यांच्या त्या उंच-रुंद गाड्यांपेक्षा ती कमी जागा खाते. आमच्या गल्लीत दोन ओट्यांच्या मधून ती आरामात दारापर्यंत येते. दिरांची ती मोठी गाडी गल्लीच्या तोंडाशी लावावी लागते. म्हणजे त्या रात्री नाना तिच्यात बसले असते तरी आधी त्यांना पावसातून तेवढं उचलून न्यावं लागलं असतं. आमची ओट्याला लागून उभी होती.

रोज सकाळी माझ्यासोबत तीन शिक्षिका असतात. एकीला पाठीचा त्रास. ती सांगते, एसटीत चढताना कळ येते, उंच गाडीत चढताना कळ येते, बुटक्या कारमधून उठताना तर डोळ्यांत पाणी येतं. इकोची सीट नेमकी कमरेच्या उंचीला. पाठ टेकवायची, बसायचं, पाय आत घ्यायचे. दरवर्षी नवोदयच्या परीक्षेला मी माझ्या शाळेतली पोरं याच गाडीनं तालुक्याला नेते. मागच्या वर्षी त्यातली एक आयुष्यात पहिल्यांदा चारचाकीत बसली होती. अख्खा रस्ता ती ते सरकतं दार बघत होती. उतरताना विचारलं, "मॅडम, मी लावू का?" दोन्ही हातांनी तिनं ते दार ओढून लावलं. त्या दाराचा खडाक आवाज माझ्या कानात आहे.

आता उणं सांगते, नाहीतर कोणीतरी सांगेलच. आमच्या गाडीत एसी नाही. मे महिन्यात आपल्याकडं पारा ४५ च्या पुढं जातो तेव्हा पत्रा तापतो आणि पुढच्या सीटखालून इंजिनाची धग लागते. पॉवर स्टिअरिंग नाही, दंड भरून येतात. रिकामी असली की काळ्या मातीच्या चिखलात मागची चाकं जागेवर फिरतात. माणसं भरली की धरते, कारण जोर मागच्याच चाकांना आहे.

आणि एक मोठं उणं. २०१६ मध्ये ग्लोबल एनकॅप या गाड्यांची सुरक्षितता तपासणाऱ्या संस्थेच्या टकरीच्या चाचणीत इकोला शून्य तारे मिळाले होते. आमच्या गाडीत एकही एअरबॅग नाही. याला माझ्याकडं उत्तर नाही. मी साठच्या पुढं जात नाही, पट्टा लावल्याशिवाय कोणाला बसू देत नाही, पण समोरून येणारा कसा येईल ते माझ्या हातात नाही. पोरं मागं बसली की कधी कधी हा विचार येतो आणि मी गुपचूप अजून हळू चालवते. २०२५ पासून नव्या इकोला सहा एअरबॅग आल्या, फार चांगलं झालं, फार आधी व्हायला हवं होतं. पण त्याच वेळी सातवी सीटही काढून टाकली! आता सहाच. सातव्या माणसानं काय करायचं? आमच्यासारख्या घरात तो सातवा माणूस नेहमी म्हातारा नाहीतर पोरगा असतो.

त्या रात्रीचं राहिलंच.

गल्लीतला ट्रॅक्टर दुरुस्त करणारा पोरगा पाना घेऊन आला. नाना ओसरीत बाजेवर कण्हत होते, बाहेर पाऊस कोसळत होता. त्यानं गाडीत आडवं होऊन मधल्या आणि मागच्या सीटचे बोल्ट सोडले. एक बोल्ट गंजलेला, फिरेना. त्याच्यावर टॉर्च मारत आमचे हे दीर उभे होते. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि तोंडानं एकच, "लवकर रे, लवकर रे." सीट काढून ओट्यावर टाकल्या. आत दोन गाद्या आणि आईंची गोधडी अंथरली. नाना चांगले उंचेपुरे, सरळ मावेनात. तिरपे झोपवले, डोकं माझ्या सीटमागं, पाय डाव्या कोपऱ्यात. सरकत्या दारातून बाजेवरून थेट गादीवर. वाकवावं लागलं नाही, दुमडावं लागलं नाही. धाकटी जाऊ पायाशी उशी धरून बसली.

आणि मी चालवली. अडावद, धानोरा, विदगावचा पूल, जळगाव. वायपर चालूनही समोरचं दिसत नव्हतं, तापीला पाणी आलेलं, रस्त्यावर खड्डे कुठं आणि डबकी कुठं कळत नव्हतं. प्रत्येक खड्ड्याला मी आधीच म्हणायचे, "नाना, आता हादरा येईल हं." आणि मागून नाना म्हणायचे, "माय, धीरे चालाव. मन्हं काही दुखत नही."

दुखत नही म्हणे. दवाखान्यात उतरवलं तेव्हा गोधडीचं टोक त्यांच्या दातात होतं. चावून चावून भिजलेलं.

ऑपरेशन झालं. दोन महिन्यांनी वॉकरवर आले, मग काठीवर. त्यानंतर नाना दुसऱ्या कोणाच्या गाडीत बसलेच नाहीत. सुताराकडून त्यांनी एक पाट करून घेतला, चढायला पायाखाली घ्यायचा म्हणून. दर मंगळवारी शेतात न्यायचं, दार उघडून ठेवायचं, आणि ते त्या सरकत्या दारात पाय खाली सोडून बसून केळीला पाणी देणाऱ्या गड्याला सूचना द्यायचे. कारच्या दारात कोणी असं बसलेलं पाहिलंय का? ती गाडी शेवटी शेवटी त्यांची ओसरी झाली होती. २०२४ मध्ये गेले.

आज पंगतीत हे सगळं माझ्या तोंडावर आलं होतं. बोलले नाही. दुसऱ्याचं लग्न, दुसऱ्याचा मांडव. एवढंच म्हणाले, "भाऊ, त्या रात्री टॉर्च तुम्हीच धरला होता." ते ताटाकडं बघत राहिले. नंतर मला वाटलं, बोलायला नको होतं. मनानं वाईट नाहीत ते. नानांना त्यांनीही खांदा दिलाय. पोरीच्या काळजीनंच बोलले असतील. आपल्याकडं पाहुणे खरंच दारातली गाडी बघतात, हे काही खोटं नाही.

पण मग बघू देत. माझ्या पोरीला मागणी घालायला येणाऱ्यांना मी याच गाडीनं स्टेशनवरून आणणार. मधल्या सीटवर बसवणार. त्या सीटच्या स्पंजाला अजूनही पावसाळ्यात कुबट वास येतो. त्या रात्री ती ओट्यावर सकाळपर्यंत भिजत पडली होती, कोणाच्या लक्षातच आलं नाही. कव्हर बदललं, उन्हात वाळवली, दोनदा धुतली. सीट बदलून घे म्हणून हे कितीदा म्हणाले. मी बदलत नाही.

परत येताना आई पुढं माझ्या शेजारी बसल्या होत्या. विदगावच्या पुलावर त्यांनी दोन्ही हात जोडले, तापीला जोडतात तसे. मग म्हणाल्या, "त्यांचा पाट मागं आहे ना गं अजून?"

आहे म्हटलं.

"राहू दे. मलाही लागेल आता."