फ्रेम घेताना नाकाला विचारू नका

नवीन चष्मा करायचाय? मग पहिली गोष्ट, लक्ष्मी रोडला एकटे जाऊ नका. सोबत बायको पाहिजे, मेहुणी मिळाली तर उत्तम, आणि आई व्हिडिओ कॉलवर. चष्मा बसणार तुमच्या नाकावर हे खरंय, पण बघायचा त्यांनाच आहे ना रोज, तुम्ही काय, आतून बाहेर बघणार.

आणि तसंही तुम्हाला दुकानात काही दिसणार नसतंच. माझा नंबर उणे साडेसहा. फ्रेम लावून बघायची म्हणजे जुना चष्मा काढायचा आणि नव्यात नुसती डेमो काच, बिननंबरची, वर कंपनीचा स्टिकर. आरशात काय दिसतं, तर एक गव्हाळ गोळा आणि त्यावर काळी रेघ. मान पुढे काढत काढत नाक आरशाला टेकलं की मग कुठे एक डोळा दिसतो, तोही घाबरलेला. काउंटरवरची मुलगी म्हणते, "सर, खूप सूट होतेय." आधीच्या सहा फ्रेम्सनाही ती हेच म्हणाली होती, पण माणसाने कुठेतरी विश्वास ठेवावा.

काडीच्या आतल्या बाजूला बारीक आकडे असतात, 56, मग एक छोटा चौकोन, 20, 145 असं काहीतरी. ते अजिबात वाचू नका. उणे नंबरवाल्यांना तर ते चष्मा काढून नाकाशी धरले की मस्त वाचता येतात, त्यामुळे मुद्दाम दुर्लक्ष करावं लागतं. पहिला आकडा एका काचेची रुंदी, मधला नाकावरचं दोन काचांमधलं अंतर, शेवटचा काडीची लांबी, सगळं मिलिमीटरमध्ये. माझ्या जुन्या चष्म्यावर 48, 18, 145 लिहिलंय आणि तो पाच वर्षं नाकावर निमूट बसला होता. म्हणजे तो नुसता काढून आकडे जुळवून बघितले असते तर काम दहा मिनिटांत उरकलं असतं. मग दुपारभर फिरायचं कशाला, आणि शेवटी थकून साबुदाणा वडा खायचा कुठल्या तोंडाने?

तर मी 56 ची घेतली. आमच्याकडे एकमत झालं की "चेहरा भरलेला दिसतो". लहान गोल फ्रेमला मेहुणी "गांधी चष्मा" म्हणून हसली, विषय संपला. आता उणे नंबरची काच मध्ये पातळ आणि कडेला जाड असते, त्यामुळे काच जेवढी मोठी तेवढी कड जाड. त्यात माझ्या दोन बुबुळांमधलं अंतर 62, आणि 56 अधिक 20 म्हणजे या फ्रेमच्या दोन काचांच्या मध्यांमधलं अंतर 76. म्हणजे माझा डोळा काचेच्या मध्याच्या सात मिलिमीटर आत, आणि बाहेरच्या बाजूला नुसतीच जाड काच. जुन्यात हाच फरक दोन मिलिमीटर होता. पण घाबरायचं नाही, यावर दुकानात उपाय असतो, 1.74 इंडेक्सवाली, म्हणजे प्रकाश जास्त वाकवणारी पातळ काच. आधी मोठी फ्रेम घेऊन काच जाड करायची आणि मग ती पातळ करायचे पैसे द्यायचे. दुकानदारालाही संसार आहे.

धातूच्या फ्रेमला नाकावर सिलिकॉनची ती छोटी पॅड असतात, जवळ-लांब करता येतात, पण कशाला नाकाचे एवढे लाड. जाड फ्रेमच घ्या. नाकापेक्षा मोती जड झाला तर झाला, मोती तर दिसतो लोकांना!

खरी मजा गाडीवर येते. हेल्मेटसक्तीविरुद्ध मोर्चे काढणारं गाव आपलं, तरी मी घालतो, आणि जाड काड्या हेल्मेटमध्ये घुसवताना एक काडी कानावर आणि एक गालफडात जाते. घुसवून झालं की सिंहगड रोडचा पहिला खड्डा, चष्मा नाकाच्या मध्यावर. दुसरा खड्डा, शेंड्यावर. दोन्ही हात हँडलला, मग वरचा ओठ ताणून, नाक फेंदारून तो वर चढवायचा. परवा सिग्नलला शेजारच्या काकू म्हणाल्या, "काय झालं हो, माझ्याकडे बघून नाक का मुरडताय?"

ज्यांना चाळिशी लागलीये आणि प्रोग्रेसिव्ह, म्हणजे लांबचा-जवळचा नंबर एकाच काचेत असलेला चष्मा, करायचाय त्यांनी मात्र उलट करावं, एकदम चिंचोळी फ्रेम घ्यावी. प्रोग्रेसिव्हमध्ये वाचायचा नंबर खालच्या भागात असतो, त्यासाठी काचेची उंची साधारण 28-30 मिलिमीटर तरी लागते. चिंचोळीत तो भाग कापलाच जातो. मग मेन्यूकार्ड वाचायला हनुवटी छताकडे न्यायची, वेटरला वाटतं साहेब मोठे रागीट आहेत, सर्व्हिस पटकन मिळते.

शेवटी एक धोक्याची सूचना. पेठांमध्ये अजून काही म्हातारे चष्मेवाले आहेत, त्यांच्यापासून लांब राहा. डोकं फार दुखायला लागलं म्हणून मी एकाकडे गेलो. त्याने फ्रेमकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, म्हणाला, "ही तुमच्यासाठी घेतली?" मग गरम हवेवर काडीचं टोक धरलं, ॲसिटेट, म्हणजे जाड फ्रेमचं ते प्लास्टिक, मऊ झाल्यावर अंगठ्याने कानामागे बसेल असा बाक दिला, दुसरी काडीही तशीच, आणि म्हणाला खाली बघा, मान हलवा. हलवली. चष्मा हलला नाही. "घसरायचं थांबेल, काचांचं मी काही करू शकत नाही. जुना आहे ना अजून? तोच लावा." पैसे विचारले तर पेपर वाचायला लागला.

जुना लावून घरी आलो. मेहुणी आलेलीच होती, दार उघडून म्हणाली, "अय्या भाऊजी, नवीन चष्मा? हा कित्ती छान दिसतोय, त्या दिवशी हाच का नाही घेतला?"