बाराशे कोटी पाण्यात?

‘बाराशे कोटी समुद्रात घातले, तेही चार लाख लोकांसाठी!’ परवा रामबागेत एक काका इतक्या ठसक्यात म्हणाले की चार जणांनी लगेच माना डोलावल्या. विषय होता बीएसएनएलची समुद्राखालून गेलेली चेन्नई-अंदमान इंटरनेट केबल. ऑगस्ट २०२० मध्ये सुरू झालेली, सुमारे २,३०० किलोमीटरची, १,२२४ कोटींची. म्हणजे आकडे काकांचे बरोबर, राग मात्र भलतीकडे.

हा पैसा सरकारच्या युनिव्हर्सल सर्व्हिस ऑब्लिगेशन फंडातला (आता त्याचं नाव डिजिटल भारत निधी). टेलिकॉम कंपन्यांच्या कमाईतला वाटा त्यात जातो, आणि तो फंड आहेच मुळी जिथे धंदा परवडत नाही तिथे सेवा पोचवायला. माणशी भागाकार करत बसलो असतो तर कार निकोबार अजून सॅटेलाइटवरच रखडलं असतं. लक्षद्वीपला तर २०२४ च्या जानेवारीत कोचीहून केबल पोचली. बेटांची लोकसंख्या इंदूरच्या दोन-चार कॉलन्यांएवढी! कुठली खासगी कंपनी स्वतःच्या खिशातून गेली असती तिथे?

माझी तक्रार वेगळीच आहे. केबल टाकली, फीत कापली, पुढे काय?

आमच्याकडे जेसीबी आला की फायबर तुटलंच समजा. मग एक पोरगा येतो, फूटपाथवर पोतं अंथरतो, केसाएवढ्या काचेच्या तारेवरचं आवरण सोलतो, अल्कोहोलने पुसतो, टोक नीट छाटतो आणि स्प्लायसिंग मशीनमध्ये दोन टोकं समोरासमोर धरून वितळवून जोडतो. तोवर आपण कस्टमर केअरला शिव्या घालून मोकळे. (शिव्या मीही घालतो, नाही असं नाही.)

समुद्रातही जोड असाच. पण आधी जहाज यायला हवं, तळाशी गळ फिरवून तुटलेली टोकं वर काढायला हवीत, आणि हवामानाने साथ द्यायला हवी. पॅसिफिकमधल्या टोंगा या बेटांच्या देशात १५ जानेवारी २०२२ ला ज्वालामुखी फुटला, केबल तुटली. मुख्य बेटाचा जगाशी केबलने संबंध जुळायला पाच आठवडे लागले. टोंगाच्याच इतर बेटांना जोडणारी केबल तर वर्षाहून जास्त काळ तुटलेलीच होती. आणि एरवी केबल तोडायला ज्वालामुखी लागतच नाही, बहुतेक वेळा मासेमारीची जाळी नि जहाजांचे नांगरच पुरतात.

म्हणून आपल्या बेटांना दुसऱ्या मार्गाने दुसरी केबल हवी, आणि दुरुस्तीचं जहाज आपल्याच बंदरात तयार उभं हवं. त्याला आणखी पैसे लागतील. खुशाल लागू देत.